मल्याळम जास्त ठिकाणी बोलतात की कझाक? नकाशा बघून गोंधळ झालाय

नाशिकची_आई

नमस्कार मंडळी, इथे भाषांबद्दल चांगली माहिती मिळते म्हणून विचारतेय. माझी लेक गेल्या वर्षापासून कझाकस्तानात करागांडा शहरात एमबीबीएसला आहे. तिची रूममेट केरळातली, कन्नूरची. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघींचं चाललेलं, ती मुलगी म्हणत होती की आमची मल्याळम जगात कुठेही गेलीस तरी कानावर पडेल, तर माझी लेक म्हणाली, अगं पण नकाशात बघ की, हा देश केवढा आहे, मग इथली भाषा बोलणारेच जास्त असणार ना. शेवटी दोघींनी मलाच विचारलं आणि मला काही धड सांगता येईना. घरात भिंतीवर नकाशा आहे, त्यात कझाकस्तान म्हणजे आख्खा मधला भाग भरून टाकलाय आणि केरळ म्हणजे किनाऱ्याला चिकटलेली बोटभर पट्टी.

दुसरं म्हणजे लेक सांगते की दुकानात, बसमध्ये, कॉलेजात रशियनच जास्त ऐकू येतं, कॉलेजने पण यांना रशियनच शिकवलं. कझाक तिने नीट अशी एकाच ठिकाणी ऐकली. हॉस्टेलच्या मागे एका म्हाताऱ्या बाईचं छोटं दुकान आहे, तिथे साबण घ्यायला गेली आणि रशियन शब्द आठवेना म्हणून तोंडातून मराठीतच "साबण" निघून गेलं, तर त्या बाईंनी लगेच "साबन, साबन" म्हणत वडी काढून दिली! हिने "राखमेत" म्हणजे कझाकमध्ये थँक्यू म्हटलं तर त्यांनी मूठभर कुर्त हातावर ठेवलं, खारट सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या असतात त्या, आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून ती त्यांना ॲझे म्हणते, तिकडे आजीला ॲझे म्हणतात.

तर प्रश्न असा की या दोन भाषा नक्की कुठे कुठे बोलतात, कोणती जास्त लोक बोलतात, आणि एवढ्या मोठ्या देशात स्वतःची भाषा शहरात का ऐकू येत नाही? आणि साबण, ॲझे हे काय प्रकरण आहे?

डोंबिवलीचा_मल्याळी

ताई, मल्याळमचं मी सांगतो. जन्म डोंबिवलीचा, शाळा मराठी, घर पालक्काडचं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे.

आकडा आधी. २०११ च्या जनगणनेत भारतात मल्याळम मातृभाषा सांगणारे साधारण ३ कोटी ४८ लाख. त्यातले बहुतेक केरळातच, तिथे जवळपास ९७ टक्के लोकांची ती मातृभाषा आहे. केरळच्या बाहेर जिथे ती मूळचीच आहे अशा जागा फार नाहीत. एक लक्षद्वीप. तिथल्या बेटांवर जेसरी बोलतात, ती मल्याळमचीच बोली, फक्त मिनिकॉय बेटावर मालदीवच्या भाषेशी सख्खं नातं असलेली महल बोलतात. दुसरं माहे, कन्नूरच्या जवळच आहे, फ्रेंचांकडे होतं म्हणून अजून पुद्दुचेरीत मोडतं, क्षेत्रफळ जेमतेम ९ चौरस किलोमीटर, तुमच्या लेकीच्या रूममेटला विचारा, तिच्या घरापासून बसने जाण्याएवढं असेल. मग तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्हा आणि निलगिरीतलं गुडलूर, कर्नाटकात कोडगू आणि मंगळूरची बाजू. संपलं. ही झाली मल्याळमची स्वतःची जमीन.

बाकी सगळं आहे ते लोक पोटासाठी गेले म्हणून. मुंबई, डोंबिवली, कल्याण, वसई, पिंपरी-चिंचवड इथे आम्ही किती आहोत ते तुम्हाला सांगायला नको, ओणमच्या आठवड्यात भाजी मार्केटमध्ये केळीच्या पानांचा भाव बघा. माझे वडील नोकरीसाठी मुंबईला आले, मामा मस्कतला गेले, मावशी नर्स म्हणून कुवेतला, आता तिची मुलगी जर्मनीत नर्स आहे. एकाच घरात चार देश, असं आमच्याकडे घरोघरी आहे. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि आखातात कामं निघाली तेव्हापासून हे चालू आहे. दुबईत मल्याळम रेडिओ आहे, मल्याळम पेपरांच्या आखाती आवृत्त्या निघतात, टॅक्सी, किराणा दुकान, हॉस्पिटल, कुठेही मल्याळममध्ये काम होतं. तेव्हा तुमच्या लेकीची मैत्रीण म्हणते ते खरंच आहे.

पण एक गोष्ट मला नेहमी टोचते. मामा ३१ वर्षं मस्कतला राहिले आणि रिटायर झाले त्या महिन्यात परत आले, कारण तिथे कायमचं राहता येत नाही, व्हिसा संपला की निघायचं. म्हणजे आखातात मल्याळम आहे पण तिथे ती मुरत नाही, दर पिढीला माणसं नवीन जातात. आणि जिथे कायमचं राहता येतं तिथे, म्हणजे इथे डोंबिवलीत, माझ्या मुलीला मल्याळम समजते पण वाचता येत नाही. मी शिकवतोय, रविवारी समाजाच्या हॉलमध्ये वर्ग असतो तिथे नेतो, बघू.

तेलावरचा_इंजिनिअर

मी चार वर्षं कझाकस्तानात होतो, आधी आतिराऊला कॅस्पियनच्या बाजूला तेलाच्या कामावर आणि मग थोडे दिवस अल्माटीला, त्यामुळे ताई तुमच्या लेकीने जे बघितलं ते मला लगेच कळलं.

पहिलं म्हणजे देश मोठा आहे यात वादच नाही. २७ लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळपास नऊ महाराष्ट्र किंवा सत्तर केरळ. पण माणसं किती, तर २०२३ च्या शेवटी शेवटी २ कोटी झाली तेव्हा तिथे केवढा आनंद झाला होता. त्यातले कझाक वंशाचे ७० टक्के, २०२१ च्या जनगणनेप्रमाणे. म्हणजे देशातले झाले १.४ कोटी. बाहेरच्या देशांतले धरले तरी मल्याळमच्या निम्म्यालाच पोचतो आपण. ट्रेनने जाताना दोन दोन तास एक गाव दिसत नाही, नुसतं गवत, मधेच घोड्यांचा कळप आणि एखादा टेलिफोनचा खांब. तो सगळा रंग नकाशावर भाषेचा नसतो, गवताचा असतो.

दुसरं, करागांडा ही कोळशाची नगरी, सोव्हिएत काळात उभी राहिली, आजूबाजूला छळछावण्या होत्या, तिथे रशियन, युक्रेनियन, जर्मन असे कुठून कुठून लोक आणून टाकले होते. म्हणून तिथे रशियन. उत्तरेला पेत्रोपाव्ल, कोस्तानाय, पाव्लोदार इकडेही तसंच. तीच मुलगी दक्षिणेला शिमकेंत किंवा क्झिलोर्दाला असती, नाहीतर पश्चिमेला आमच्या आतिराऊला असती, तर रस्त्यात कझाकच ऐकली असती. आतिराऊत आमचे ड्रायव्हर, गार्ड, कॅन्टीनच्या बायका सगळे आपसात कझाक बोलायचे आणि मीटिंगमध्ये शिरलं की रशियन. कायद्याने कझाक ही राज्यभाषा, पण सरकारी कामात तिच्या बरोबरीने रशियन वापरतात.

आता एक डोळ्यासमोरची गोष्ट सांगतो. आमच्या स्टोअरमध्ये एक मध्यमवयीन गृहस्थ होते, चीनमधून आलेले कझाक. ते मालाच्या याद्या स्वतःसाठी अरबी लिपीत लिहायचे, उजवीकडून डावीकडे, बारीक सुंदर अक्षर. शेजारच्या टेबलावरचा पोरगा आतिराऊचाच, तोही कझाक, घरात दोघांची भाषा तीच, पण तो कागद त्याला एक ओळ वाचता यायची नाही कारण तो सिरिलिक, म्हणजे रशियन लिहितात ती लिपी, शिकलेला. मग ते गृहस्थ मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हा टाइप करायचा. तो टाइप करताना मी बघायचो, कझाकची जी ९ खास अक्षरं आहेत ती कीबोर्डवर आकड्यांच्या ओळीत बसवलीत, म्हणून पोरं मोबाइलवर कंटाळा करतात आणि जवळचं रशियन अक्षर टाकून पुढे जातात. मला फार वाईट वाटायचं ते बघून, आपण ळ च्या जागी ल टाकत गेलो तर कसं वाटेल तसं.

भाषाप्रेमी_कोल्हापूर

छान चर्चा. इंजिनिअर दादांनी चीनमधल्या माणसाचं सांगितलं तिथूनच धरतो, कारण "कुठे बोलतात" याचं खरं उत्तर तिथे आहे.

कझाक लोक मूळचे पशुपालक, मेंढ्या घोडे घेऊन उन्हाळ्यात एकीकडे, हिवाळ्यात दुसरीकडे. एकोणिसाव्या शतकात रशिया आणि चीनने आपसात करार करून, १८६४ चा आणि १८८१ चा हे त्यातले मोठे, या कुरणांमधून सीमा ओढली. म्हणून आज चीनच्या शिनजियांग प्रांतात इलीच्या बाजूला १५ लाखांच्या आसपास कझाक आहेत, तिथे १९५४ पासून इली कझाक स्वायत्त विभाग आहे. मंगोलियाच्या पश्चिम टोकाला बायन-ओल्गी प्रांत, तिथे बहुसंख्य कझाक, शाळासुद्धा कझाकमध्ये. रशियात आस्त्राखान, ओरेनबुर्ग, ओम्स्क, अल्ताय या पट्ट्यात काही लाख, उझबेकिस्तानात ताश्कंदच्या आजूबाजूला आणि काराकालपाकस्तानात काही लाख. यातला बराचसा भाग सलग आहे, एकाच कुरणाचे तुकडे. मल्याळमचं तसं नाही, दुबई आणि कोळिकोड यांच्यामध्ये समुद्र आहे.

पण सगळे जागेवरच राहिले आणि फक्त सीमा सरकली असंही समजू नका. १९३० ते ३३ मध्ये सोव्हिएत सरकारने जनावरं जप्त केली, भटक्यांना जबरदस्तीने एका जागी बसवलं आणि भयंकर दुष्काळ पडला, सुमारे १५ लाख माणसं गेली. ज्या समाजाचं सगळं जगणं जनावरांवर त्याची जनावरंच काढून घेतली तर दुसरं काय होणार. लाखो लोक चीन, उझबेकिस्तान, जिकडे वाट फुटेल तिकडे पळाले. त्याच काळात आणि नंतर बाहेरचे लोक आणून वसवले, १९३७ मध्ये कोरियन, १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ मध्ये चेचेन, आणि १९५४ पासून पडीक जमीन नांगरायची म्हणून रशिया-युक्रेनमधून शेतकरी. १९५९ च्या जनगणनेत कझाक लोक स्वतःच्याच प्रजासत्ताकात फक्त ३० टक्के उरले होते. ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. केरळात असं कधी झालं नाही, म्हणून ती चिमुकली पट्टी भरलेली आहे आणि तो एवढा मोठा देश भाषेच्या बाबतीत अजून भरून येतोय. १९९१ नंतर सरकारने बाहेरच्या कझाकांना परत बोलावलं, १० लाखांच्या वर लोक आले, दादांचे स्टोअरवाले गृहस्थ त्यातलेच असणार.

लिपीचं पण सांगतो, कारण ते ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो. आधी अरबी लिपी, अहमेत बायतुर्सिनोव नावाच्या विद्वानाने ती कझाक उच्चारांना जुळेल अशी सुधारून घेतली, चीनमधले कझाक आजही त्याच वळणाची लिपी लिहितात. १९२९ मध्ये सोव्हिएत बाजूला रोमन आणली, १९४० मध्ये सिरिलिक, ४२ अक्षरांची. बायतुर्सिनोवना १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. आता २०१७ पासून परत रोमनकडे जायचं ठरलंय, ते हळूहळू चाललंय. एका घरात पणजोबा, आजोबा आणि नातू तिघांच्या वह्या तीन लिप्यांत असू शकतात. मल्याळमला पण अरबी लिपीचा शेजार आहे बरं का, मलबारच्या मुसलमानांमध्ये अरबी-मल्याळम म्हणून लिहायची पद्धत आहे, मदरशांत अजून शिकवतात. पण तिथे ती मूळ लिपीच्या बाजूला राहिली, कुणी मूळ लिपी काढून घेतली नाही.

आणखी एक गंमत. कॅस्पियनपासून अल्तायपर्यंत जवळपास ३००० किलोमीटर, पण कझाक बोलीत फरक फार थोडा, आतिराऊचा माणूस बायन-ओल्गीच्या माणसाशी सरळ बोलू शकतो. माणसं सारखी फिरती होती, एकमेकांत मिसळत होती, म्हणून भाषा वेगळी व्हायला वेळच मिळाला नाही. केरळाची लांबी ६०० किलोमीटरसुद्धा नाही, पण तिथलं डोंबिवलीकरांनीच सांगावं.

साबण आणि ॲझे. साबण अरबी "साबून" वरून, व्यापाराबरोबर इकडे आला तसा तिकडेही गेला. असे खूप शब्द आहेत, दुकानाला ते "दुकेन" म्हणतात, पत्राला "खात", लेखणीला "कालाम", आठवड्याला "आप्ता" म्हणजे आपला हप्ता, मित्राला "दोस", हवेला "आउआ". सगळे फारसी अरबीतून दोघांकडे आलेले. ॲझे आणि आजी मात्र नुसता योगायोग, आपली आजी संस्कृत-प्राकृतातून आली आणि कझाक ही तुर्की कुळातली भाषा, तिचा काही संबंध नाही. मल्याळम तर तिसऱ्याच, द्राविडी कुळातली.

अजून एक राहिलं, भारताशी जोडलेलं. शिनजियांगमधून पळालेले काही कझाक १९४० आणि ५० च्या दशकात तिबेट ओलांडून लडाखमध्ये उतरले होते, वाटेत थंडीने आणि हल्ल्यांनी कितीतरी माणसं गेली. श्रीनगरला काही काळ राहिले आणि मग तुर्कस्तानने त्यांना घेतलं. इस्तंबूलमध्ये त्यांची वस्ती आहे. म्हणजे थोडे दिवस का होईना, कझाक आपल्या श्रीनगरातही बोलली गेलीये.

डोंबिवलीचा_मल्याळी

भाऊ, श्रीनगरचं वाचून अंगावर काटा आला.

हो, बोलींचं अगदी खरं. "तो" आणि "ती" ला पुस्तकात अवन, अवळ. कन्नूर, कोळिकोडकडे ओन आणि ओळ. "काय" ला आम्ही एन्ता म्हणतो, तिरुवनंतपुरमला एन्तर. त्रिशूरचे मित्राला गडी म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मराठीच बोलतायत. माझी आई पालक्काडची, तिच्या बोलण्यात तमिळ वळण, आणि वहिनी कासारगोडची, लग्नानंतर पहिले सहा महिने आई तिला प्रत्येक वाक्य दोनदा विचारायची. नद्या, डोंगर, वेगवेगळी राज्यं, वेगवेगळ्या जाती, प्रत्येकाने आपापलं जपलं.

चंद्रगिरीकाठचा

कासारगोडचं नाव निघालं म्हणून लिहितोय, मी तिथलाच, आम्ही घरात कऱ्हाडी बोलतो, म्हणजे मराठीचीच बोली, पिढ्यान् पिढ्या इथे आहोत. इथे माणूस घरात एक बोलतो, बाजारात दुसरं, ऑफिसात तिसरं. तुळू, कन्नड, मल्याळम, कोंकणी, ब्यारी, आणि आमच्यासारखे मराठीवाले. मराटी नावाची अनुसूचित जमातही आहे आमच्या जिल्ह्यात.

नकाशात मल्याळमचा रंग इथपर्यंत भरलेला दिसतो पण ती कडा एवढी साधी नाहीये. १९५६ च्या १ नोव्हेंबरला केरळ झालं तेव्हा कासारगोड तिकडे गेलं, आधी मद्रास राज्याच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होतं. बेळगावमुळे तुम्हा सगळ्यांना महाजन आयोग माहीतच आहे, त्याच आयोगाने १९६७ मध्ये चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकला द्यावा असं म्हटलं होतं. तेही झालं नाही. माझे आजोबा कन्नड शाळेत शिकले, वडील पण कन्नड, मी मल्याळम. दुकानाच्या पाटीवर दोन्ही लिप्या. त्यामुळे मल्याळम कुठे संपते असं कुणी विचारलं तर मी म्हणतो माझ्या अंगणात, आणि माझ्याच अंगणात बाकीच्या चार सुरू होतात.

कझाकस्तानच्या उत्तरेला पण असंच असणार बहुतेक.

तेलावरचा_इंजिनिअर

@चंद्रगिरीकाठचा, तिथे जरा वेगळं आहे. तुमच्याकडे सगळ्या भाषा बरोबरीने नांदतात, उत्तरेला रशियनच सगळ्यांच्या वर बसलेली. ज्या कझाक माणसाला कझाक नीट येत नाही त्याला "शाला कझाक" म्हणतात, म्हणजे अर्धवट कझाक, आणि तो शब्द लागतो लोकांना. अल्माटीतली माझी एक सहकारी चाळिशीत कझाकच्या क्लासला जायची, आजीशी बोलता आलं नाही आणि आजी गेली, म्हणून. तिच्या पिढीत शहरात वाढलेल्या कितीतरी जणांचं असंच झालंय. आता तरुण पोरं मात्र मुद्दाम कझाक बोलतात, गाणी कझाकमध्ये, कॅफेत ऑर्डर कझाकमध्ये, मी होतो त्या चार वर्षांत सुद्धा फरक जाणवला.

नाशिकची_आई

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि मग लेकीला सगळं पाठवलं. रूममेट खूश आहे कारण आकड्यात मल्याळम जिंकली. ओन आणि ओळ वाचून ती ओरडलीच म्हणे, अगदी माझी अम्मा!

आणि एक सांगायचं राहिलं. काल लेक दुकानात गेली तेव्हा तिने त्या ॲझेंना विचारलं, जेवढं येतं तेवढ्या रशियनमध्ये, की तुम्ही इथल्याच का. तर त्या म्हणाल्या मी बायन-ओल्गीची! १९९२ मध्ये नवरा आणि तीन मुलं घेऊन आल्या, येताना एक शिवणाचं मशीन आणि भिंतीवर लावायचं भरतकाम एवढंच आणलं होतं, ते भरतकाम अजून दुकानात गल्ल्याच्या मागे टांगलेलं आहे, लेकीला इतके दिवस वाटायचं नुसता पडदा आहे. त्या म्हणाल्या आले तेव्हा इथे दुकानात कझाकमध्ये मागितलं तर कुणाला कळायचं नाही, आणि त्यांना रशियनचा एक शब्द येत नव्हता, कारण त्या मंगोलियातल्या. म्हणून पहिली दोन वर्षं त्या बोटाने वस्तू दाखवायच्या.

लेकीने आता वहीत चार रकाने आखलेत, मराठी, मल्याळम, कझाक, रशियन. पहिली ओळ साबणाची, मल्याळमच्या रकान्यात रूममेटने "सोप्प्" लिहिलंय आणि कझाकचा रकाना ॲझे स्वतःच्या हाताने भरणार आहेत.